फिरंग्यांची उत्तर

भाईंदर पश्चिमेला चौकची बस पकडा. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतात, मिठागरं दिसतात आणि उत्तनच्या अलीकडेच वाळत्या बोंबलांचा वास गाडीत शिरतो. शेवटच्या थांब्यावर उतरून धारावी किल्ल्याच्या टेकडीवर चढा. (मुंबईची ती धारावी वेगळी.) समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा कोट. आता इथंच उभे राहून तीन-साडेतीनशे वर्षं मागे जा.

कोटात घंटा वाजतेय. तुम्ही पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’त आहात. उत्तर कुणाची? गोव्याची. व्हाइसरॉय तिथं बसतो, म्हणून चौलपासून दमण-दीवपर्यंतचा सगळा मुलूख त्याच्या लेखी उत्तर! डिसेंबर १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीनं गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं तहात देऊन टाकली. तेव्हापासून इथली राजधानी वसई. मुंबई? ती या प्रांताचा एक कोपरा. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. विरार लोकलच्या दारात लटकून रोज तिकडे जाणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

खाली किनाऱ्यावर या. एक कोळी डोल ओढतोय. गळ्यात क्रूस आहे, पण जाळं आजोबाचंच आणि भरती-ओहोटीचं गणितही आजोबाचंच. सण बदलले, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या तशाच राहिल्या. इथल्या याच ख्रिस्ती समाजानं पुढं १८८७ मध्ये, व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येत होते. आपण इथले मूळचे, हे इंग्रजांना पटवायचं होतं. आधी गोव्याची उत्तर, मग ईस्ट इंडिया कंपनीची पूर्व, आणि घर मात्र पश्चिम किनाऱ्यावर. इथल्या माणसांना दिशा नेहमी दुसऱ्यांनीच दिल्या, असं मला वाटतं.

परत टेकडीवर. मार्च १७३९. ठाणे, साष्टी दोन वर्षांपूर्वीच मराठ्यांकडे गेली आहेत आणि आता तुमच्या पायाखालची धारावीही पडली आहे. खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारी ही जागा गेल्यावर समोरच्या वसईला समुद्रातून मदत पोचणं अवघड झालं. मराठा सेनापती चिमाजीअप्पांचे सुरुंग तटाला भिडले, माणसं दोन्हीकडची मेली, आणि मे महिन्यात कोट शरण आला. पोर्तुगिजांना सन्मानानं बाहेर पडू दिलं. त्यांच्या उत्तरेत दमण-दीव तेवढं उरलं, तेही १९६१ पर्यंत.

चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांबरोबर घाटावर गेल्या. नाशिकला गेलात, तर गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळापाशी थांबून मान वर करा. तिथली मोठी घंटा वसईच्या विजयाची आहे.