बाटलीवरची विधवा

फ्रान्समधल्या एका प्रसिद्ध शॅम्पेनच्या बाटलीवर ‘व्हव क्लिको’ असे छापलेले असते. ‘व्हव’ म्हणजे विधवा, हे कळले तेव्हा मी चकित झाले. आपल्याकडे जो शब्द शुभकार्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवला जाई, तो या लोकांनी जल्लोषाच्या पेयावर का मिरवावा? शोध घेताना लक्षात आले, की तो शब्द दुःखापेक्षा हक्क सांगतो.

फिलिप क्लिको या कापडाच्या व्यापाऱ्याने रँस शहरात १७७२ मध्ये मद्याची पेढी काढली. पुढे मुलगा फ्रांस्वा त्यात शिरला. १७९८ मध्ये त्याचे लग्न बार्ब-निकोल पोंसार्दँशी झाले. तीही कापडवाल्यांचीच लेक. १८०५ मध्ये फ्रांस्वा वारला. बार्ब-निकोल तेव्हा २७ वर्षांची, पदरी एक मुलगी. खचलेला सासरा धंदा गुंडाळायला निघाला होता. सुनेने त्याची समजूत घातली आणि पेढी हाती घेतली.

१८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून करार करता येत नसे. विधवेला ती अडचण नव्हती. बार्ब-निकोलने दुसरे लग्न केले असते, तर पुन्हा नव्या नवऱ्याची संमती मागत बसावे लागले असते. तिने लग्न केले नाही. आपल्याकडे १८५६ च्या कायद्याने विधवांना पुनर्विवाहाची वाट मोकळी केली, ती सुटकेची म्हणून. हिची सुटका मात्र त्या वाटेला न जाण्यात होती. ही गंमत मला अजून नीट पचलेली नाही.

सुरुवातीची वर्षे वाईट गेली. युद्धाने युरोपातला व्यापार तुटला, तळघरात माल पडून राहिला. त्यातच १८११ चा हंगाम अप्रतिम निघाला. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू दिसला होता, म्हणून लोक ती ‘धूमकेतूची वाइन’ म्हणत. १८१४ मध्ये नेपोलियन पायउतार झाला. नाकेबंदी उठते न उठते तोच तिने प्रतिस्पर्ध्यांच्या आधी गुपचूप १०,५५० बाटल्यांचे जहाज रशियाच्या दिशेने रवाना केले. नुकसान झाले असते तर पेढी बुडालीच असती. रशियात माल हातोहात खपला.

तरी तिचे खरे काम तळघरातले. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि मेलेल्या किण्वाचा गाळ तळाशी बसतो. तो काढायला वाइन दुसऱ्या बाटलीत ओतली की फेस उडून जाई. १८१६ च्या सुमारास तिने भोके पाडलेल्या फळीत बाटल्या मानेवर उलट्या, तिरक्या रोवल्या. रोज थोड्या फिरवायच्या, हळूहळू उभ्या करत न्यायच्या. गाळ बुचापाशी येतो आणि बूच काढताच बाहेर उडतो. पहिली फळी म्हणजे तिचे स्वयंपाकघरातले टेबल, ही कथा मी जपूनच घेते. तळघरप्रमुख म्यूलर याचा वाटाही मोठा होता.

१८६६ मध्ये ती वारली. पेढी मुलीच्या घराण्याकडे गेली नाही. तिचा भागीदार एदुआर वेर्ले हा जर्मन माणूस मालक झाला. बाटलीवरचे नाव त्यानेही बदलले नाही.