पेटीसारखी गाडी : मारुती व्हॅन, नांदेड-लातूरचा बाजार आणि ओझ्याचा हिशेब

१/
मारुती व्हॅनची रुंदी जेमतेम १.४१ मीटर. हा आकडा मुळात ठरला तो जपानमधल्या एका करसवलतीच्या नियमामुळे. त्या नियमाच्या चौकटीत जन्मलेली ही पेटीसारखी गाडी नांदेड आणि लातूरच्या बाजारात रोजची ओझी कशी वाहू लागली, लोकांनी नेमकी हीच का निवडली, तिच्यात कोणते फेरफार केले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याविषयी आजचा थ्रेड.

२/
सुरुवात जपानपासून. युद्धानंतरच्या टंचाईत, १९४९ साली, तिथल्या सरकारने अतिलहान वाहनांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. ठरलेल्या मापांत बसणाऱ्या गाडीला कर कमी. १९५५ मध्ये इंजिनाची मर्यादा ३६० सीसी झाली. १९७६ मध्ये ती ५५० सीसी झाली आणि रुंदीची मर्यादा १.४ मीटर. हातमाग-यंत्रमाग बनवण्याच्या धंद्यात १९०९ पासून असलेल्या सुझुकीने १९५५ मध्ये पहिली छोटी मोटार आणि १९६१ मध्ये ‘कॅरी’ ही मालवाहू गाडी बाजारात आणली.

३/
लांबी-रुंदी नियमाने बांधलेली असली की अभियंत्याच्या हाती थोडेच उरते. नाक काढून टाकायचे, इंजिन पुढच्या आसनांखाली सरकवायचे, भिंती सरळ उभ्या करायच्या आणि राहिलेली सगळी जागा मालाला द्यायची. ‘कॅरी’ चौकोनी झाली ती या हिशेबाने. परदेशांसाठी तिचे थोड्या मोठ्या इंजिनाचे रूप निघाले. तीच आपल्याकडची व्हॅन.

४/
ऑक्टोबर १९८२ मध्ये मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९८४ मध्ये तिच्या पाठोपाठ व्हॅन. तीन सिलिंडरांचे तेच ७९६ सीसीचे इंजिन, शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती, लांबी ३.३७ मीटर. १९८८ मध्ये कंपनीने तिचे नाव ‘ऑम्नी’ केले. लोकांच्या तोंडी मात्र ‘मारुती व्हॅन’ हेच राहिले. द्रोणागिरी उचलून आणणाऱ्याचे नाव ओझ्याच्या गाडीला शोभतही होते.

५/
आता मराठवाड्याकडे वळू. येथील मालवाहतुकीला तुकड्यातुकड्यांनी चालण्याची जुनी सवय आहे. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने नांदेडला मीटरगेजवर आणले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिच्या रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. लातूरचा माल कुर्डुवाडीला आला की एका डब्यातून दुसऱ्यात हमालांच्या पाठीवरून जाई. लातूरला ब्रॉडगेज मिळायला २००७ साल उजाडले.

६/
गावातही तीच गोष्ट. लातूरची गंज गोलाई आठवा. मध्ये गोल इमारत आणि तिच्याभोवती फुटणारे सोळा रस्ते. या पेठेची आखणी झाली तेव्हा वाहतुकीचे परिमाण बैलगाडी हेच होते. नांदेडमध्ये गोदाकाठच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या त्याहून चिंचोळ्या. ट्रक पेठेच्या कडेला थांबणार. तिथून दुकानापर्यंतचे शेवटचे काही फर्लांग कोण नेणार, हा व्यापाऱ्याचा रोजचा प्रश्न होता. उत्तर होते हमाल आणि हातगाडी.

७/
ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यंत्रावर चालणारे पर्याय कोणते होते? जीप दणकट, पण मागे जागा तुटपुंजी आणि माल उघडा. मॅटाडोर ऐसपैस, पण लहान दुकानदाराच्या ऐपतीबाहेरची आणि गल्लीत वळवायला अवघड. तीनचाकी टेंपो स्वस्त, पण त्यात कुटुंबाला बसवून लग्नाला जाता येत नसे. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ज्या घराला आयुष्यात एकच गाडी परवडणार होती, त्या घरासाठी तो निर्णायक होता.

८/
व्हॅनने हे सगळे एका पेटीत बसवले. बाजूचे दरवाजे सरकते, त्यामुळे भिंतीला खेटून उभी केली तरी माल काढता येई. मागचे दार वर उघडे. तळ जवळजवळ सपाट आणि जमिनीपासून फारसा उंच नाही. पोते मांडीच्या उंचीपर्यंत उचलले की आत सरकवता येई. चालकाच्या पुढे नाक नसल्याने गाडी कुठे संपते ते डोळ्यांना दिसे. इंजिन ८०० चेच असल्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारा मेस्त्री तालुक्याच्या गावीही मिळे.

९/
आणखी एक कारण कागदोपत्री होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एकूण ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहनाला परवाना लागत नाही. पण मालवाहन म्हणून नोंदणी, पिवळी नंबरप्लेट आणि ठरावीक मुदतीने योग्यता तपासणी, ज्याला आपण ‘पासिंग’ म्हणतो, हे सारे आलेच. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी व्हॅन या कटकटीतून सुटे. म्हणून सकाळी शाळेची मुले, दुपारी किराणा, संध्याकाळी घरची माणसे, असा एकाच गाडीचा दिवस विभागला गेला. कायद्याच्या दृष्टीने त्यातली भाड्याची कामे नियमबाह्यच होती.

१०/
यानंतर आला फेरफारांचा काळ. पहिला फेरफार म्हणजे मागचे बाक काढणे. काही नटबोल्ट सोडले की मालवाहू गाडी तयार. सणासुदीला बाक पुन्हा जागेवर. तेलाचे डबे, डाळीची पोती, दुधाचे कॅन, मंडपाच्या खुर्च्या, शिकवण्यांसाठी लातूरला आलेल्या मुलांचे खानावळीचे डबे, सगळे याच तळावर विसावले. हा फेरफार साधा आणि सहज परतवता येणारा. मात्र पोती बांधायला आत कड्या नव्हत्या. जोरात ब्रेक लागला की ती पुढच्या आसनांवर येत.

११/
दुसरा फेरफार छपरावरच्या लोखंडी कॅरिअरचा. इथे पेटीचा आकार उलटतो. उंची १.६४ मीटर आणि रुंदी १.४१, म्हणजे गाडी मुळातच रुंदीपेक्षा उंच. त्यात छपरावर वजन चढवले की गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. आत ठेवलेले शंभर किलो आणि छपरावरचे शंभर किलो तराजूत सारखेच असतात, वळणावर सारखे नसतात.

१२/
तिसरा फेरफार सर्वांत महत्त्वाचा : मागच्या पाट्यांत आणखी एक पान टाकणे. ओझ्याने गाडीचे बूड खाली बसू लागले की हा उपाय होई. बूड उचलले जाई, गाडी भार ‘सोसते’ असे वाटे. पण पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही. १२ इंची रिमचे टायर तेच, आस तीच, चाकांची बेअरिंग तीच. वजन दीडपट झाले तर त्याच वेगात थांबवण्याची ऊर्जाही दीडपट लागते. पाट्याचे पान ही गोष्ट नाहीशी करत नाही. ती फक्त डोळ्यांआड करते. रिकाम्या गाडीत तोच कडक पाटा प्रवाशांच्या मणक्यांना हादरे देतो, ते वेगळेच.

१३/
चौथा फेरफार इंधनाचा. पेट्रोल महाग, म्हणून गॅस. वाहनात एलपीजी वापरण्याची कायदेशीर चौकट आकाराला येण्याआधीच ठिकठिकाणी स्वयंपाकाचे सिलिंडर गाडीत बसू लागले होते. २००० सालच्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्याची वाट मोकळी केली. पुढे कंपनीनेही एलपीजीची ऑम्नी काढली. घरगुती सिलिंडर मात्र तेव्हाही निषिद्ध होता आणि आजही आहे. वाहनासाठीच्या टाकीला ८० टक्के भरल्यावर आपोआप बंद होणारी झडप असते, ती गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली असते. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला यांतले काहीच नसते.

१४/
आणि अशा गाड्यांत शाळेची मुलेही बसत. पोत्यांसाठी लावलेला हिशेबच मुलांना लागला : तळ आहे, तर आणखी दोन मावतील. महाराष्ट्राने शालेय बसवाहतुकीसाठी स्वतंत्र नियम केले ते २०११ मध्ये. म्हणजे व्हॅन आल्यानंतर सत्तावीस वर्षांनी. या मधल्या पिढीने दप्तर मांडीवर घेऊन, इंजिनाची ऊब सोसत, शाळा गाठली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील त्यातलेच.

१५/
उद्योगाला हे सारे उशिरा दिसले. मे २००५ मध्ये टाटाने ‘एस’ आणली : दोन सिलिंडर, ७०२ सीसी डिझेल, पाऊण टन भार. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘छोटा हत्ती’. लहान गल्ली आणि लहान भांडवल या दोन्ही गरजा तिने भागवल्या, आणि पाटे-ब्रेक मूळ आराखड्यातच मालासाठी बेतलेले. ओझ्याची कामे हळूहळू तिच्याकडे सरकली. मारुतीनेही २०१० मध्ये ‘ईको’ आणि २०१६ मध्ये ‘सुपर कॅरी’ आणली. जपानमधले १९६१ चे नाव इथे पोहोचायला पंचावन्न वर्षे लागली.

१६/
२०१९ हे वर्ष दोन अर्थांनी समाप्तीचे ठरले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की, निर्मात्याने ठरवलेली मूळ वैशिष्ट्ये बदलतील असे फेरफार वाहनात करता येणार नाहीत. त्याच वर्षी, नव्या सुरक्षा-निकषांच्या उंबरठ्यावर, ऑम्नीचे उत्पादन थांबले. जिच्यात चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसे काही नव्हते, ती गाडी त्या निकषांत बसणे शक्यच नव्हते.

१७/
मग या गाडीचा इतिहास कसा लिहायचा? ‘जुगाड’ म्हणून कौतुक करणे सोपे, ‘बेकायदा’ म्हणून निकालात काढणे त्याहून सोपे. दोन्हींत एक गोष्ट निसटते. ज्या बाजाराला १.४ मीटर रुंदीचे, स्वस्त, मालासाठीच घडवलेले चारचाकी वाहन हवे होते, त्याला व्हॅन आल्यापासून ‘एस’ येईपर्यंतच एकवीस वर्षे थांबावे लागले. त्या काळातली उणीव भरून काढली ती मेस्त्र्यांनी आणि चालकांनी. त्यांचे कौशल्य खरे होते. पण ब्रेकची कमतरता कौशल्याने भरून निघत नाही. तो धोका गाडीतल्या माणसांनी, लहान मुलांनीसुद्धा, आपल्या अंगावर घेतला.

१८/
या इतिहासाची साधने दफ्तरखान्यात फारशी नाहीत. ती घरांत आहेत. एमएच २४ किंवा एमएच २६ ने सुरू होणारे जुने आरसी बुक, गॅस संचाची पावती, बाक नसलेल्या व्हॅनसमोर काढलेला कुटुंबाचा फोटो. घरातल्या मोठ्यांना विचारा : गाडी कोणत्या साली घेतली, कशासाठी घेतली, तिच्यात काय बदलले, आणि तिच्यात बसताना कधी भीती वाटली का? शेवटचा प्रश्न टाळू नका. उत्तरे लिहून ठेवा, तारखेसह.

थ्रेड समाप्त.