विल्हेल्म, ल्यूनेबुर्गचा
(११ एप्रिल ११८४ – १३ डिसेंबर १२१३). जर्मनीतील वेल्फ घराण्याचा सरदार. सॅक्सनी व बव्हेरियाचा पदच्युत ड्यूक ‘सिंह’ हाइन्रिख याचा सर्वांत धाकटा मुलगा. त्याने स्वतः गाजवलेले असे फारसे काही नाही; घराण्याचा वंश मात्र त्याच्यामुळेच टिकला.

सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसाने ११८० मध्ये हाइन्रिखची दोन्ही ड्यूकपदे काढून घेतली व पुढे त्याला हद्दपार केले. हाइन्रिखची पत्नी मटिल्डा ही इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची मुलगी. कुटुंबाने तिच्या माहेरचा आश्रय घेतला आणि विल्हेल्मचा जन्म विंचेस्टर येथे झाला. ११८९ मध्ये मटिल्डा वारली. पुढच्याच वर्षी विल्हेल्मचा भाऊ लोथार ओलीस असताना मरण पावला. विल्हेल्मही ओलीसपणातून सुटला नाही. त्याचा मामा राजा रिचर्ड क्रूसेडहून परतताना पकडला गेला, तेव्हा खंडणीच्या हमीसाठी जे ओलीस दिले गेले त्यांत जेमतेम दहा वर्षांचा हा भाचाही होता. त्याची रवानगी ऑस्ट्रियाचा ड्यूक लेओपोल्ट याच्याकडे झाली.

जर्मन सरदारांत सगळे थोरल्यालाच मिळावे असा नियम तेव्हा रुजलेला नव्हता. धाकट्यांना चर्चमध्ये पाठवण्याचा रिवाज होता. पण वडिलार्जित खाजगी जमिनीची भावांत वाटणीही होई. हाइन्रिख ११९५ मध्ये वारला. हाइन्रिख, ओट्टो व विल्हेल्म या हयात असलेल्या तिघा मुलांनी १२०२ मध्ये पाडरबोर्न येथे वाटणी केली. तीत विल्हेल्मला ल्यूनेबुर्ग व हार्ट्स डोंगराळ भागाचा काही हिस्सा मिळाला. ल्यूनेबुर्ग मिठागरांसाठी प्रसिद्ध असल्याने धाकट्याचा वाटा अगदीच हलका नव्हता. त्याच वर्षी डेन्मार्कचा राजा पहिला वाल्डेमार याची मुलगी हेलेना हिच्याशी त्याचा विवाह झाला. ओट्टो तेव्हा जर्मनीच्या राजपदासाठी झगडत होता व त्याला उत्तरेकडून पाठबळ हवे होते. या सोयरिकीमागे हाच हिशेब दिसतो.

विल्हेल्म तिशीच्या आत वारला. मागे राहिला एकच मुलगा, १२०४ मध्ये जन्मलेला ओट्टो. सम्राटपदापर्यंत पोहोचलेला काका ओट्टो १२१८ मध्ये निपुत्रिक वारला. थोरला काका हाइन्रिख याचा एकुलता मुलगा त्याआधीच गेला होता; हाइन्रिखच्या मुलींच्या हक्कांवरून तंटा उभा राहिला. तरी १२२७ मध्ये हाइन्रिखच्या मृत्यूनंतर या पुतण्याचीच बाजू पुढे आली. त्याच वर्षी मामा दुसरा वाल्डेमार याच्या बाजूने बोर्नहोव्हेडला लढताना तो कैद झाला. सुटल्यावर त्याला सम्राटाशी जमवून घ्यावे लागले. १२३५ मध्ये माइन्त्सच्या राजसभेत त्याने ल्यूनेबुर्ग सम्राट दुसरा फ्रीड्रिख याला अर्पण केले. सम्राटाने त्यात ब्राउनश्वाइगची भर घालून ते सरंजाम म्हणून परत दिले आणि त्याला ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गचा ड्यूक केले. पुढची सर्व वेल्फ शाखा याच ओट्टोपासून चालली. १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर आलेला हॅनोव्हरचा पहिला जॉर्ज त्याचाच वंशज.