भट्टीचा कमरपट्टा

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारनगरांची जुनी छायाचित्रे पाहिली की नजर आधी बाटल्यांवर जाते. स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरात विटांच्या या प्रचंड बाटल्या ऐन भरात सुमारे २००० होत्या. आज पन्नासही उरलेल्या नाहीत. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक आकाराबद्दल. बाहेरची बाटली म्हणजे बहुतांशी धुराडे आणि आडोसा. खरी भट्टी तिच्या पोटात असते: गोल, घुमटाची आणि अंगावर साधारण फुटाफुटाच्या अंतराने लोखंडी पट्टे आवळलेली. तिथले कामगार या पट्ट्यांना ‘बॉण्ट’ म्हणत.

आपल्या आव्याला असा पट्टा कधी लागला नाही. मडकी, गोवऱ्या, लाकूडफाटा रचायचा, वर पाचोळा आणि राख-मातीचा थर द्यायचा. भाजून झाले की सगळे मोडायचे. कायमची भिंतच नाही, तर तडकणार काय?

स्टॅफर्डशायरची भट्टी मात्र पुन्हा पुन्हा पेटायची. दोन-तीन दिवस, दहा-पंधरा टन कोळसा, आत हजार-बाराशे अंश सेल्सिअस. एवढ्या उष्णतेत भट्टीची वीट मीटरमागे पाच ते सात मिलिमीटर वाढते. आतला परीघ सोळा मीटर धरला, तर ही वाढ आठ सेंटिमीटरच्या पुढे जाते. भिंतीची बाहेरची बाजू त्या मानाने थंड राहते, तेवढी ताणत नाही. म्हणून ती उभी चिरते. निवताना विटा आक्रसतात, पण तोवर चिरेत खडी-चुरा पडलेला असतो. चीर पुरती मिटत नाही. पट्टा नसेल, तर दर खेपेला भट्टी थोडी थोडी फुगत जाऊन शेवटी घुमट बसणार.

बैलगाडीच्या चाकाची धाव इथे आठवते, पण हिशेब उलटा आहे. धाव लालबुंद करून चढवतात आणि निवताना ती चाक आवळते. बॉण्टने मात्र तापूनच चालत नाही. लोखंड विटेच्या जवळजवळ दुप्पट वाढते. पट्टा भिंतीच्या आत चिणला असता तर ऐन आगीत सैल पडला असता. त्याची जागा बाहेर, हाताला दिसेल अशी, ती यासाठी. माझे शिक्षण विज्ञानाचे नाही, पण मला यातली खरी हुशारी दिसते ती अशी की चीर पडूच नये असा हट्ट कोणी धरला नाही. चीर पडू दिली, फक्त मर्यादेत ठेवली.

१९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. गॅस आणि विजेच्या भट्ट्यांनी आधीच पाय रोवले होते. कोळशावरची शेवटची भाजणी १९७८ साली लाँगटन इथे झाली, तीही मुद्दाम, ही विद्या नोंदवून ठेवण्यासाठी.

उरलेल्या बाटल्यांची डागडुजी करताना बाहेरचे विटकाम आधी नजरेत भरते, कारण ते रस्त्यावरून दिसते. माझी काळजी आतल्या पट्ट्यांची आहे. थंड भट्टीत ते मुकाट्याने गंजतात. चिरा सिमेंटने लिंपल्या आणि गंजके पट्टे काढून टाकले, तर बाटली शाबूत राहील. पण कुठे ताण आला, कुठे जादा पट्टा चढवावा लागला, हे सांगणारी कारागिरांची वही पुसली जाईल. दुसरी वही त्यांनी क्वचितच लिहिली. लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये बाटलीच्या दारातून आत शिरता येते. तिथे जाणाऱ्याने मान वर करण्याआधी भिंतीला हात लावून पाहावा.