मधले बोट : एका अपशब्दाचा अडीच हजार वर्षांचा प्रवास

जानेवारी २०१२ मध्ये सिडनी येथील कसोटी सामन्यात प्रेक्षकांच्या शेरेबाजीला विराट कोहलीने मधले बोट दाखवून उत्तर दिले आणि सामन्याच्या मानधनातील निम्मी रक्कम दंड म्हणून गमावली. त्या बोटाचा अर्थ मैदानावरील ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांना कळला, तसाच भारतात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांनाही कळला. वास्तविक, भारतीय भाषांच्या वाक्प्रचारांत अवहेलनेचा मान आहे तो अंगठ्याला. मराठीत ‘अंगठा दाखवणे’, हिंदीत ‘ठेंगा दिखाना’, तर बंगालीत उभ्या अंगठ्याला कच्च्या केळ्याची उपमा देऊन ‘काँचकला देखानो’. मग मधल्या बोटाची ही शिवी आली कोठून?

समाजमाध्यमांवर याचे एक तयार उत्तर वर्षानुवर्षे फिरत आहे. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी ॲजिनकोर्ट येथे इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांत लढाई झाली. इंग्रज धनुर्धाऱ्यांना पकडून त्यांची प्रत्यंचा ओढणारी बोटे छाटण्याची धमकी फ्रेंचांनी दिली होती. विजयानंतर धनुर्धाऱ्यांनी तीच शाबूत बोटे उंचावून शत्रूला खिजवले, अशी ही कथा. तिच्या एका आवृत्तीत हे बोट मधले असते, तर दुसरीत इंग्लंडमध्ये शिवी मानली जाणारी, तळवा आत वळवून दाखवलेली दोन बोटे असतात.

कथा चटकदार आहे. पुरावा मात्र तिच्या बाजूने नाही. पंधराव्या शतकातील इतिवृत्तकार ज्याँ द वावरँ याने धमकीचा उल्लेख केला आहे, पण तो राजा पाचव्या हेन्रीने आपल्याच सैनिकांपुढे केलेल्या भाषणाचा भाग म्हणून. आणि त्यात बोटे एक किंवा दोन नसून तीन आहेत. विजयानंतर कोणी बोटे नाचवल्याचे त्याने लिहिलेले नाही. दोन बोटांच्या शिवीचा निर्विवाद दृश्य पुरावा थेट १९०१ सालचा आहे. इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या एका लोखंड कारखान्याबाहेर घेतलेल्या चित्रफितीत एक कामगार कॅमेऱ्याला ती बोटे दाखवताना दिसतो. मधल्या बोटाची गोष्ट तर याहूनही सरळ आहे : ॲजिनकोर्टच्या अठराशे वर्षे आधीपासून ते बदनाम होते.

इ. स. पू. ४२३ मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ या प्रहसनात सॉक्रेटिस एका अडाणी म्हाताऱ्याला छंदशास्त्र शिकवतो. ‘डॅक्टिल’ हे एका गणाचे नाव. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘बोट’. त्या श्लेषावर म्हातारा बोटाचा ग्राम्य चाळा करून दाखवतो, आणि ते बोट मधले असावे असे अभ्यासक मानतात. रोमन लोकांनी या बोटाला ‘निर्लज्ज बोट’ असे नावच दिले. पहिल्या शतकातील कवी मार्शलने रंगवलेला, साठी उलटूनही कधी तापाने न फणफणलेला एक म्हातारा वैद्यमंडळींना हेच बोट दाखवतो.

या संकेताचा अर्थ लैंगिक होता. मधले बोट म्हणजे पुरुषलिंग आणि दोन्ही बाजूंची दुमडलेली बोटे म्हणजे वृषण, असे प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी त्याचे विवरण केले आहे. समोरच्याला लिंग दाखवून धमकावणे, हे त्या बोटाचे मूळ वाक्य. विशेष म्हणजे रोममध्ये हेच बोट रक्षकही होते. पर्सियस या कवीने वर्णिलेली आजी त्या ‘कुप्रसिद्ध’ बोटाला थुंकी लावून बाळाच्या कपाळावर आणि ओठांवर फिरवते, ते दृष्ट लागू नये म्हणून.

भारतात बोटांची वाटणी वेगळी झाली. संस्कृतमध्ये मधले बोट म्हणजे केवळ ‘मध्यमा’. धमकीचा अर्थ अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नावात आहे : ‘तर्जनी’ म्हणजे दटावणारी. जपमाळ ओढताना अनेक परंपरांत तर्जनी दूर ठेवतात आणि माळ मध्यमेवर धरतात. रोमने निर्लज्ज ठरवलेले बोट येथे नामस्मरणाला लागले. अर्थ बोटाच्या हाडामांसात नसतो. तो समाजाच्या संमतीत असतो.

ही संमती नसेल तर काय होते, ते १९६८ साली दिसले. उत्तर कोरियाने ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी जहाज पकडून ८२ खलाशांना कैदेत ठेवले. प्रचारासाठी काढलेल्या छायाचित्रांत खलाशांनी मधली बोटे दाखवली आणि हा हवाई बेटांवरचा शुभसंकेत असल्याचे पहारेकऱ्यांना सांगितले. ते खपलेही. पुढे एका अमेरिकी साप्ताहिकाने खरा अर्थ छापला आणि कैद्यांना त्याची किंमत बेदम मारहाणीने मोजावी लागली.

आज भारतात ही संमती पुरेपूर रुजली आहे. २०१४ मध्ये हे बोट युनिकोडच्या चित्रलिपीत आले. २०१७ मध्ये दिल्लीतील एका वकिलाने ते चित्र काढून टाकावे म्हणून व्हॉट्सॲपला नोटीस पाठवली. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला हावभाव हा १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ५०९ नुसार गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या कलमात कोणत्याही बोटाचे नाव नाही. हेतू काय होता आणि त्या समाजात त्या हावभावाचा अर्थ काय, हे न्यायालयाला पाहावे लागते.

म्हणूनच ॲजिनकोर्टची कथा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ती एका लैंगिक धमकीला शूर सैनिकाच्या विजयमुद्रेचा साज चढवते. रस्त्यावर किंवा वर्गात हे बोट दाखवले गेलेल्या मुलीला ‘गंमत होती’ असे सांगितले जाते, तेव्हा धनुष्यबाणाची दंतकथा त्या सांगणाऱ्याच्या उपयोगी पडते. ॲरिस्टोफेनिस आणि मार्शल यांची साक्ष तिच्या बाजूने उभी राहते.