गडी पारखण्याची विद्या

शाळेच्या मैदानावर खेळ सुरू होण्यापूर्वी मुले गडी वाटून घेतात, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक नाव पुकारतात. धिप्पाड आणि चपळ मुले आधी निघून जातात. शेवटी एखादा किरकोळ अंगाचा मुलगा उरतो. त्याला कोणी मागून घेत नाही. तो कोणाच्या तरी वाट्याला येतो, इतकेच. शिक्षकाच्या पेशात वीस वर्षे काढलेल्या मला त्या शेवटच्या मुलाचा चेहरा चांगला परिचयाचा आहे. अमेरिकेत गडी वाटून घेण्याचा हाच प्रकार मोठ्या थाटामाटाने दरवर्षी होतो. त्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू लांबोळा असतो, तो हाताने फेकतात, कवटाळून धावतात आणि प्रतिपक्ष धावणाऱ्याला अडवून पाडतो. तेथील महाविद्यालयांत हा खेळ अतिशय लोकप्रिय आहे आणि पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक संघांना नवे गडी मुख्यतः तेथूनच मिळतात. कोणता विद्यार्थी कोणत्या संघाकडे जावयाचा, हे ज्या सभेत ठरते तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपल्याकडील आयपीएलच्या लिलावात पैशाची बोली चालते. येथे बोली नाही. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याने पहिले नाव घ्यावयाचे आणि विजेत्याने शेवटी, असा सर्वसाधारण नियम आहे.

हा नियम सुचविला तो एका हरणाऱ्या संघाच्या मालकाने. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांना चांगला गडी मिळणे दुरापास्त झाले होते. नामांकित विद्यार्थी साहजिकच श्रीमंत आणि विजयी संघाकडे जात. त्यामुळे बळकट संघ अधिक बळकट होई आणि दुबळा दुबळाच राही. सगळे सामने असे एकतर्फी होऊ लागले तर प्रेक्षक येणार नाहीत आणि धंदाच बुडेल, हे बेल यांनी इतर मालकांना पटवून दिले. १९३५ साली ठराव मंजूर झाला. त्याच वर्षी बेल यांचा संघ अकरांपैकी केवळ दोन सामने जिंकून तळाशी राहिला आणि पहिल्या निवडीचा मान त्यांच्याच पदरी पडला!

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ही पहिली सभा भरली. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिली होती. ज्यांची नावे होती त्यांपैकी बहुतेकांना कोणी प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले नव्हते. वृत्तपत्रांतील वर्णने हाच काय तो आधार. न्यू यॉर्क जायंट्सच्या मालकाचा तरुण मुलगा वेलिंग्टन मारा हा गावोगावची वृत्तपत्रे आणि मासिके वाचून माहिती जमवीत असे, आणि तेवढ्यावरच तो जाणकार ठरला. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्याचा गौरव झालेला होता. पण व्यावसायिक खेळाचे वेतन त्याला पुरेसे वाटले नाही. त्याने दुसरा व्यवसाय पत्करला आणि तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. इतिहासातली पहिली निवड अशी निष्फळ गेली.

ज्या सभेचा हेतू समानता हा होता, तिच्या फळ्यावर काही नावे मुळी लिहिलीच जात नव्हती, हे मात्र विसरता येत नाही. १९३४ ते १९४५ या काळात या व्यावसायिक संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन १९३९ च्या हंगामात देशातील अग्रगण्य खेळाडूंत गणला गेला. पण त्यानंतरच्या निवडसभेत त्याचे नाव कोणीही उच्चारले नाही. १९४६ साली रॅम्स हा संघ क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिसला आला. तेथील क्रीडांगण जनतेच्या पैशाने उभे होते. त्यावर खेळावयाचे तर रंगभेद चालणार नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला, तेव्हा वॉशिंग्टनला बोलावणे आले. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे गुडघे दुखावलेले होते. ऐन उमेदीची वर्षे वाया गेली ती गेलीच. निवडसभेत पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे, जॉर्ज टॅलिअफेरोचे, नाव पुकारले जाण्यासाठी १९४९ च्या हंगामासाठी झालेल्या निवडीपर्यंत थांबावे लागले.

याच रॅम्स संघाने एडी कोटल यांना केवळ गडी हेरण्याच्या कामावर पूर्ण वेळ नेमले. ते महाविद्यालयांतून हिंडून, प्रत्यक्ष खेळ पाहून टिपणे करीत. इतरांचे पाय कधी न लागलेल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडेही ते वळले. ग्रॅम्ब्लिंग येथील पॉल ‘टँक’ यंगर १९४९ मध्ये या संघात आला. त्याला निवडसभेत कोणी घेतले नव्हते, आणि अशा महाविद्यालयातून या स्पर्धेत उतरलेला तो पहिला गडी होता.

पुढे पारखीचे शास्त्र करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १९६० साली डॅलस काउबॉइज हा नवा संघ निघाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी त्याच वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये संगणकाचा उपयोग पाहिला होता. गडी निवडताना हे यंत्र वापरता येईल काय, असा विचार करून त्यांनी आयबीएमच्या एका उपकंपनीचे दार ठोठावले. तेथे सलाम कुरेशी हे भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ त्यांना भेटले. अमेरिकन फुटबॉल हा कुरेशींचा खेळ नव्हे. कदाचित म्हणूनच त्यांना मूळ अडचण दिसली. अडचण यंत्राची नव्हती, शब्दांची होती. एकाने ‘चपळ’ म्हटलेला गडी दुसऱ्याच्या लेखी ‘बरा’ ठरे, कारण प्रत्येकाचा ‘चपळ’ वेगळा. आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ असा शेरा मारतो, त्यातलाच हा प्रकार! मग ठराविक प्रश्न तयार करून उत्तरे अंकांत मागविण्यात आली. शेकडो गुणांची यादी गाळीत गाळीत पाचांवर आली: शील, चपळाई व अंगावरील ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी आणि बळ.

यंत्राने सारे साधले, असे मात्र नाही. १९६४ च्या हंगामासाठी झालेल्या निवडीत काउबॉइजनी रॉजर स्टॉबाख याचे नाव दहाव्या फेरीत घेतले. तो सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानकरी होता, तरी कोणी त्याला आधी घेतला नाही, कारण तो नौदलाच्या विद्यालयाचा विद्यार्थी असल्याने पदवीनंतर त्याला लष्करी सेवा करावयाची होती. काउबॉइज थांबले. स्टॉबाख १९६९ साली, सत्तावीस वर्षांचा होऊन आला आणि पुढे त्याने संघाला दोनदा अजिंक्यपद मिळवून दिले. थांबण्याची तयारी हा गुण कोणत्याही तक्त्यात नव्हता.

अशीच कथा बिल नन यांची. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे ते क्रीडालेखक. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंची यादी ते दरवर्षी छापीत. तेथील प्रत्येक मैदान त्यांच्या पायाखालचे होते, पण त्यांच्याच गावच्या स्टीलर्स संघाने त्यांना कधी एका शब्दाने विचारले नाही. ही खंत त्यांनी बोलून दाखविली आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस संघाने त्यांनाच कामावर घेतले. जॉन स्टॉलवर्थ या अलाबामातील विद्यार्थ्याची चाचणी होती, त्या दिवशी मैदान ओले होते. त्याची वेळ सामान्य आली आणि इतर संघांचे पारखी ती टिपून निघून गेले. नन यांनी म्हणे प्रकृतीचे निमित्त सांगून मुक्काम वाढविला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा धावावयास लावले. १९७४ साली स्टीलर्सनी त्याला चौथ्या फेरीत घेतले. त्या एका वर्षाच्या निवडीतील चार गडी पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले आणि संघाने सहा हंगामांत चार अजिंक्यपदे पटकावली. खुद्द नन यांना तो मान मिळाला २०२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी.

१९८२ पासून निवडक विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून त्यांची वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक चाचण्या घेण्याची प्रथा पडली. चाळीस यार्डांच्या धावेत सेकंदाचा शतांश मोजला जाऊ लागला. तरीही २००० साली ही धाव ५.२८ सेकंदांत कशीबशी पुरी करणारा टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी गेले होते. त्याने सात अजिंक्यपदे मिळविली. हा केवळ अपवाद म्हणावा, तर केड मॅसी आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी रिचर्ड थेलर या अभ्यासकांचा निष्कर्ष समोर येतो. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन गडी घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता शंभरात सुमारे बावन्नच! नाणे उडविले तर पन्नास.

मग मोजमाप टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. कुरेशींच्या प्रश्नांनी पुष्कळांचे पूर्वग्रह उघडे पाडले असतील. पण केनी वॉशिंग्टनच्या बाबतीत मापाची चूक झाली नव्हती. त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. आणि स्टॉलवर्थच्या बाबतीत माप खरे होते, पण मैदान ओले होते. एका दिवसाच्या परीक्षेवरून मुलाचे भवितव्य सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांनी आणि आपण पालकांनीही एवढे ध्यानात ठेवावे. निकालाच्या दिवशी घाईने निघून जाऊ नये. जमल्यास एक दिवस मुक्काम वाढवावा आणि त्या मुलाला कोरड्या मैदानावर पुन्हा एकदा धावू द्यावे.