सी गेला तरी डी राहतो?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटर 'फॉरमॅट मारण्याची' साथच आली आहे. कोणाचा जळगावहून फोन येतो, कोणाचा धुळ्याहून. नवी विंडोज टाकताना मध्येच एक प्रश्न अडतो : डिस्कची वाटणी कोणत्या पद्धतीची, एम.बी.आर. की जी.पी.टी.? त्यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "काहीही करा, आपलं सगळं डी मध्ये आहे!"

मी शाळेत इतिहास शिकविला, संगणक नाही. पण हा डी वरचा विश्वास आला कुठून, आणि आता तो का पुरत नाही, हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी वाटणी म्हणजे काय ते पाहू. दोन भाऊ वेगळे झाले की वावरात बांध पडतो. पण खरी वाटणी तलाठ्याच्या दप्तरात असते. बांध नांगरला गेला तरी नोंद आहे तोवर हिस्सा आहे. हार्ड डिस्कमध्ये तर बांधही नसतो. आत सगळी एकच सलग जमीन. कुठून कुठपर्यंत सी आणि कुठून पुढे डी, हे फक्त डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेले असते. ते दप्तर कोणत्या नमुन्यात ठेवायचे, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ.

आय.बी.एम.चा पहिला पी.सी. १९८१ साली आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या दोन खणांना ए आणि बी ही अक्षरे मिळाली. १९८३ च्या मार्चमध्ये पी.सी. एक्स.टी. आला, त्यात १० एम.बी.ची हार्ड डिस्क होती, आणि तिला पुढचे अक्षर मिळाले, सी. दहा एम.बी. म्हणजे आजच्या मोबाइलवरचे दोन-तीन फोटो! तरी तेवढ्या जागेचीही वाटणी करण्याची सोय हवी होती, कारण एकाच यंत्रावर डॉस आणि दुसरी एखादी प्रणाली शेजारी शेजारी नांदवायची असे. म्हणून डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या तुकड्यात दप्तर बसविले. ४४६ बाइट यंत्र सुरू करण्याच्या सूचनांना, २ बाइट शेवटच्या खुणेला, आणि उरलेल्या ६४ बाइटांत वाटणीचा तक्ता. एका हिश्श्याला १६ बाइट, म्हणजे ओळी फक्त चार. हाच एम.बी.आर.

चार ओळी त्या काळी भरपूर वाटल्या असणार. पाचवा वाटेकरी आला तेव्हा तोड काढली ती अगदी आपल्या सातबाऱ्यासारखी. एक ओळ 'विस्तारित' म्हणून धरायची आणि तिच्या पोटात आणखी हिस्से पाडायचे. आपण पोटहिस्सा म्हणतो तोच प्रकार.

आता सी, डी, ई या सवयीकडे येऊ. डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ ला एका हिश्श्यात २ जी.बी.पेक्षा जास्त जागा हाताळताच येत नसे. चार जी.बी.ची डिस्क घेतली की तुकडे पाडणे भागच. १९९६ साली फॅट ३२ आले आणि ती अडचण दूर झाली, पण सवय राहिली. दुकानदार यंत्र बांधून देताना सी, डी, ई करूनच देत. सी मध्ये विंडोज, डी मध्ये घरचे सामान. विंडोज बिघडली की फक्त सी पुसायचा. तक्त्यातल्या बाकीच्या ओळींना कोणी हात लावत नसे, म्हणून डी शाबूत राही. म्हणजे आपला विश्वास खोटा नव्हता. वीस-पंचवीस वर्षे तो अनुभवाला उतरलेला होता.

वाटणीचे हेच वैशिष्ट्य आहे बघा. कारण संपते, रेषा राहते. आपल्या खानदेशाचेच घ्या. १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर धुळे या मुख्य ठाण्याचा एकच मोठा जिल्हा झाला. १९०६ साली त्याचे दोन भाग केले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. ज्यांनी रेषा मारली ते साहेब गेले, त्यांचे राज्यही गेले. १९६० मध्ये नावे बदलून जळगाव आणि धुळे झाली, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तरी आजही "तुम्ही जळगावचे की धुळ्याचे?" याचे उत्तर बरेचसे त्या १९०६ च्या कागदावर ठरते. एम.बी.आर.ही असाच, १० एम.बी.साठी आखलेला नमुना पुढे लाखपट मोठ्या डिस्कांवर चालत राहिला.

पण कागदावर रकाना किती रुंद आखला, यालाही मर्यादा असतेच. एम.बी.आर.च्या ओळीत जागेचा आकडा ३२ बिटांत लिहायचा. त्यात मावतात ४,२९,४९,६७,२९६ तुकडे. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की सुमारे २.२ टी.बी. झाले. २०१० साली ३ टी.बी.च्या डिस्का बाजारात आल्या आणि जमीन शिल्लक असताना वही संपली!

नवी वही तोपर्यंत तयार होती. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या नव्या यंत्रांसाठी जी रचना सुरू केली, तिच्यातून जी.पी.टी. आली. हिच्यात आकड्याला ६४ बिट आणि हिश्श्यांना साधारणपणे १२८ ओळी. पण मला, गणिताचे तासही घेतलेल्या माणसाला, दोन गोष्टी जास्त आवडल्या. एक म्हणजे हिच्यात ताळा आहे. तक्त्याची एक प्रकारची बेरीज करून ठेवलेली असते, ती जुळली नाही तर काहीतरी बिघडले हे यंत्राला कळते. दुसरी म्हणजे या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी. पहिली खराब झाली तर दुसरीवरून ती पुन्हा लिहिता येते. शिवाय पहिल्या तुकड्यात जुन्या पद्धतीची एक ओळ मुद्दाम ठेवलेली असते, 'सगळी जागा व्यापलेली आहे' अशा अर्थाची. जुन्या प्रोग्रॅमने डिस्क रिकामी समजून नांगर घालू नये म्हणून!

मग घोटाळा कुठे होतो? नवीन यंत्रे बायोसऐवजी यू.ई.एफ.आय. पद्धतीने सुरू होतात, आणि त्या पद्धतीत विंडोजला जी.पी.टी.च लागते. जुनी डिस्क तशा यंत्राला लावून विंडोज टाकू गेले की ती सरळ नकार देते. अशा वेळी घाईतला माणूस 'क्लीन' ही आज्ञा देतो. ती "नक्की ना?" असेही विचारत नाही. आणि ती सी पुसत नाही, सगळे दप्तरच कोरे करते. सी गेला, डी गेला, ई गेला.

माझ्या धाकट्या भावाच्या घरी हेच घडले. आईच्या आवाजातल्या अहिराणी ओव्या त्याने कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या, अकरा होत्या. कॅसेट केव्हाच बुरशीने गेली. नवे यंत्र घेतले, जुनी डिस्क त्यात बसविली, आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तासाभरात विंडोज चालू करून दिली. डी मात्र दिसेना. दप्तर कोरे झाले तरी जमीन जागेवर असते, म्हणून शोधणाऱ्या प्रोग्रॅमने सात ओव्या परत मिळाल्या. चार ओव्यांच्या जागेवर नवी विंडोज लिहिली गेली होती. हल्लीच्या एस.एस.डी.त तर एवढीही आशा धरू नये.

तेव्हा मंडळी, निवड अवघड नाही. नवे यंत्र, विंडोज ११, किंवा २ टी.बी.हून मोठी डिस्क असेल तर जी.पी.टी. फक्त जुन्या बायोसवर चालणारे यंत्र असेल आणि त्यावर जुनी विंडोजच ठेवायची असेल तर एम.बी.आर. आपली डिस्क कोणती आहे हे 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्कच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'व्हॉल्यूम्स' या पानावर दिसते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एम.बी.आर.टू.जी.पी.टी. नावाचे साधनही आहे. विंडोज असलेल्या डिस्कचे दप्तर ते सामान न हलवता नव्या वहीत उतरवते, मात्र जुन्या तक्त्यातल्या चारही ओळी भरलेल्या असतील तर ते चालत नाही. आणि काहीही करण्याआधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, डी ची सुद्धा. जी.पी.टी. दोन प्रती ठेवते त्या तक्त्याच्या, तुमच्या फोटोंच्या नव्हेत!

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करीत. १९२६ साली धुळ्यातच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. ज्या कागदाची एकच प्रत माळ्यावर पडून होती आणि कोणी वेळेवर पोहोचले नाही, तो कागद कायमचा गेला. मुलांना मी हे अनेक वर्षे सांगत असे. आता माळ्याच्या जागी डी ड्राइव्ह आला आहे, इतकेच.

भावाने त्या सात ओव्या आता तीन घरी पाठविल्या आहेत. उरलेल्या चारांपैकी दोन आमच्या थोरल्या बहिणीला पाठ आहेत. दिवाळीत ती आली की रेकॉर्ड करायच्या ठरल्या आहेत.